अर्थसंकल्प आणि म्हातारपणाची मिळकत : कुणाच्या पदरात काय पडते?

अर्थसंकल्प सादर झाला की दुसऱ्या दिवशी बाजारात एकच चर्चा सुरू होते. काय स्वस्त झाले, काय महागले आणि आयकराची मर्यादा कुठवर गेली? तुर्भ्याच्या मसाला बाजारातील गादी असो की कोपरखैरण्यातील फॅब्रिकेशनचा गाळा, सगळीकडे हीच बोलणी. मात्र घरातल्या बुजुर्ग माणसाच्या मिळकतीवर त्या भाषणाचा काय परिणाम झाला, हा प्रश्न फार थोडे लोक विचारतात. या अंकात आम्ही त्याच प्रश्नाचा हिशेब मांडत आहोत.

नवी मुंबईला हा प्रश्न विशेष लागू आहे. सिडकोची स्थापना १९७० साली झाली. ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखाने आणि मस्जिद बंदर, भायखळा, क्रॉफर्ड मार्केट येथून टप्प्याटप्प्याने इकडे आलेले घाऊक बाजार यांच्या आधाराने हे शहर उभे राहिले. त्या काळात जे तरुण म्हणून आले, ते आता साठी-सत्तरीत आहेत. त्यांच्यापैकी काहींना पेन्शन आहे, पुष्कळांना नाही. आणि अर्थसंकल्प या सर्वांना एका मापाने मोजत नाही, हीच या लेखातील मुख्य गोष्ट आहे.

वृद्धांचे तीन वर्ग

पहिला वर्ग सरकारी, निमसरकारी व बँकांतील निवृत्तांचा. त्यांना दरमहा ठरलेले पेन्शन मिळते आणि त्यात महागाई भत्ताही असतो. दुसरा वर्ग खाजगी कारखान्यांतील कामगारांचा. यांना भविष्य निर्वाह निधीच्या १९९५ च्या योजनेतून, म्हणजे ईपीएस-९५ मधून, पेन्शन मिळते. तिसरा वर्ग आपल्या बहुसंख्य वाचकांचा. दुकानदार, अडते, शिंपी, गॅरेजवाले, सुतार, बेकरीवाले, तसेच आखातातून परत आलेले बांधव. यांना कुणाचेही पेन्शन नाही. गाळ्याचे भाडे, धंद्यातला वाटा, शिल्लक रक्कम किंवा मुलांचा आधार हेच त्यांचे पेन्शन.

करसवलत कुणापर्यंत पोहोचते?

फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पाने नव्या करप्रणालीत १२ लाख रुपयांपर्यंतच्या उत्पन्नावर रिबेट देऊन कर शून्यावर आणला. नोकरदार आणि जुन्या मालकाकडून पेन्शन घेणारे यांना त्याशिवाय ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट आहे. म्हणून त्यांची मर्यादा १२ लाख ७५ हजारांवर जाते. व्यापाऱ्याला ही वजावट नाही. त्याची मर्यादा १२ लाखच.

या प्रमाणित वजावटीचा इतिहास बोलका आहे. २००५ च्या अर्थसंकल्पात ती काढून टाकली होती. २०१८ मध्ये ४०,००० रुपयांची वजावट परत आली, २०१९ मध्ये ती ५०,००० झाली आणि जुलै २०२४ मध्ये नव्या प्रणालीपुरती ७५,००० झाली. मृत कर्मचाऱ्याच्या विधवेला मिळणाऱ्या कुटुंब-पेन्शनसाठी वजावट वेगळी आहे. ती जुलै २०२४ मध्ये नव्या प्रणालीत १५,००० वरून २५,००० रुपयांपर्यंत वाढवली गेली.

आता एक हिशेब पाहू. समजा, वाशीत राहणाऱ्या एका निवृत्त अधिकाऱ्याला वर्षाला ४,८०,००० रुपये पेन्शन आणि २,४०,००० रुपये व्याज मिळते. २०२२-२३ मध्ये जुन्या प्रणालीत ५०,००० ची प्रमाणित वजावट आणि व्याजावरील ५०,००० ची ज्येष्ठांची वजावट घेतल्यावर त्याचे करपात्र उत्पन्न ६,२०,००० होत असे. विमा वगैरेची दुसरी कोणतीही वजावट घेतली नाही, तर उपकरासह ३५,३६० रुपये कर बसे. २०२५-२६ पासून नव्या प्रणालीत त्याच उत्पन्नावर कर शून्य. म्हणजे महिन्याला सुमारे २,९५० रुपये हातात जास्त राहिले.

पण ज्याचे करपात्र उत्पन्न ५ लाखांच्या आत होते, त्याला २०१९ च्या अंतरिम अर्थसंकल्पापासूनच कर द्यावा लागत नव्हता. त्याला या नव्या सवलतीतून एक पैसाही मिळाला नाही. कर भरणाऱ्यालाच करसवलत मिळते. जो कर भरण्याइतके कमावतच नाही, त्याच्यासाठी हे भाषण म्हणजे शेजारच्या घरातील मेजवानीचा वास.

खरा फरक व्याजदराचा

बहुतेक निवृत्तांची मिळकत कराने नव्हे, तर व्याजदराने हलते. आणि अल्पबचतीचे व्याजदर अर्थसंकल्पात ठरत नाहीत, ते अर्थखाते दर तिमाहीला जाहीर करते. ज्येष्ठ नागरिक बचत योजना २००४ साली ९ टक्के व्याजाने सुरू झाली. मार्च २०२० पर्यंत दर ८.६ टक्के होता, एप्रिल २०२० मध्ये तो एकदम ७.४ टक्के करण्यात आला. त्या दिवसांत पैसे गुंतवणाऱ्याला १५ लाखांवर वर्षाला १,२९,००० ऐवजी १,११,००० रुपये मिळू लागले. महिन्याला दीड हजारांची तूट, आणि तीही टाळेबंदीच्या काळात. पुढे एप्रिल २०२३ पासून दर ८.२ टक्के झाला आणि त्याच वर्षीच्या अर्थसंकल्पाने गुंतवणुकीची कमाल मर्यादा १५ लाखांवरून ३० लाख केली. मर्यादा वाढल्याचा लाभ मात्र ज्याच्याकडे ३० लाख होते त्यालाच.

एक प्रसंग सर्वांनी ध्यानात ठेवण्यासारखा आहे. ३१ मार्च २०२१ रोजी अर्थखात्याने या योजनेचा दर ७.४ वरून ६.५ टक्के केल्याचे जाहीर केले आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी अर्थमंत्र्यांनी तो आदेश नजरचुकीने निघाल्याचे सांगून मागे घेतला. तसेच २०१६ च्या अर्थसंकल्पात भविष्य निर्वाह निधी काढताना ६० टक्के रकमेवर कर लावण्याचा प्रस्ताव होता. देशभर ओरड झाली आणि ८ मार्च २०१६ रोजी तोही मागे घेतला गेला. म्हणून भाषण ऐकून त्याच संध्याकाळी ठेवी मोडू नयेत की गाळा विकायला काढू नये. वित्त विधेयक मंजूर होईपर्यंत थांबावे.

कारखान्याचे पेन्शन : गोठलेला आकडा

ईपीएस-९५ योजना नोव्हेंबर १९९५ मध्ये लागू झाली. तिचे सूत्र सोपे आहे. पेन्शनपात्र पगार गुणिले नोकरीची वर्षे, भागिले ७०. पगाराला कायद्याने कमाल मर्यादा घातलेली आहे. ती आधी ५,०००, नंतर ६,५०० आणि १ सप्टेंबर २०१४ पासून १५,००० रुपये झाली. प्रत्यक्ष पगार कितीही असो, सर्वसाधारणपणे हिशेब या मर्यादेवरच होतो.

समजा, तुर्भ्याच्या एका कारखान्यातील फिटर १९९६ पासून अठरा वर्षे नोकरी करून २०१४ च्या सुरुवातीला वयाच्या ५८ व्या वर्षी निवृत्त झाला. ६,५०० गुणिले १८ भागिले ७०, म्हणजे सुमारे १,६७० रुपये महिना. या पेन्शनला महागाई भत्ता जोडलेला नाही. सप्टेंबर २०१४ मध्ये किमान पेन्शन १,००० रुपये ठरले आणि दहा वर्षांनंतर, २०२४ मध्येही ते तेवढेच होते. महागाई वर्षाला पाच टक्के धरली तरी दहा वर्षांत हजार रुपयांचे मोल सुमारे ६१४ रुपये उरते. आकडा तोच राहिला, पिशवीतले धान्य मात्र तिसऱ्या हिश्शाहून अधिक घटले. या पेन्शनरांच्या संघटना वर्षानुवर्षे किमान ७,५०० रुपये आणि महागाई भत्ता मागत आल्या आहेत. त्यांच्या दृष्टीने आयकराच्या बारा लाखांच्या मर्यादेला काय अर्थ?

जे व्याज घेत नाहीत त्यांचे काय?

इस्लामने व्याज हराम ठरवले आहे आणि आपले अनेक बांधव हा आदेश काटेकोर पाळतात. अर्थसंकल्पातील ज्येष्ठांच्या सवलती मात्र बहुतांशी व्याजाभोवती फिरतात. २०१८ साली आलेली ५०,००० रुपयांची वजावट व्याजावर आहे. उगमस्थानी करकपात, म्हणजे टीडीएस, न होण्याची ज्येष्ठांची मर्यादा एप्रिल २०२५ पासून ५०,००० वरून १ लाख झाली, तीही व्याजासाठी. २०२१ च्या अर्थसंकल्पाने ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना विवरणपत्र भरण्यातून सूट दिली, पण पेन्शन आणि त्याच बँकेतील व्याज याखेरीज दुसरे उत्पन्न नसेल तरच. गाळ्याचे भाडे घेणाऱ्या वृद्धाला ही सूट नाही.

मग हलाल मार्गाने मिळकत घेणाऱ्या वृद्धाला या अर्थसंकल्पांतून काय मिळाले? आमच्या मते तीन गोष्टी पाहण्यासारख्या आहेत.

पहिली, भाडे. भाडेकरू कंपनी, भागीदारी पेढी किंवा ज्याच्या हिशेबाचे लेखापरीक्षण होते असा मोठा व्यापारी असेल, तर तो भाड्यातून दहा टक्के कापून देत असे. त्यासाठी वर्षाला २,४०,००० रुपयांची मर्यादा होती. एप्रिल २०२५ पासून ती महिन्याला ५०,००० रुपये झाली. महिना २५,००० भाडे घेणाऱ्याचे पूर्वी वर्षाला ३०,००० रुपये कापले जात आणि परताव्याची वाट पाहावी लागे. आता ती रक्कम दरमहा हातात येते. शिवाय भाड्याचे उत्पन्न धरताना महापालिकेचा मालमत्ता कर वजा करून उरलेल्यातून ३० टक्के सरसकट वजावट मिळते. ती दोन्ही प्रणालींत आहे.

दुसरी, शेअरवरील लाभांश. २०२० पूर्वी कंपनी कर भरून लाभांश देई आणि लहान भागधारकाला तो करमुक्त असे. २०२० च्या अर्थसंकल्पाने तो भागधारकाच्या उत्पन्नात धरायला लावला. एकूण उत्पन्न १२ लाखांच्या आत असेल तर आता त्यावर कर लागत नाही. पण शेअर किंवा शेअरवर आधारित फंडाची युनिटे विकून झालेल्या नफ्याला १२ लाखांची रिबेट लागू नाही. वर्षाहून अधिक काळ ठेवलेल्या गुंतवणुकीवर १,२५,००० रुपयांपर्यंतचा नफा माफ आणि त्यापुढे साडेबारा टक्के कर, असा नियम जुलै २०२४ पासून आहे. शरीअतच्या निकषांवर कंपन्या निवडणारे टाटा एथिकलसारखे फंड आहेत, त्यांनाही हाच नियम लागतो.

तिसरी आणि आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे भागीदारी.

वडील भागीदार असतील तर

आपल्या समाजात वडील वयाने थकले तरी गादीवर बसतात. गिऱ्हाईक त्यांच्या तोंडाकडे पाहून येते, माल पारखण्याचे काम तेच करतात. पण कागदावर त्यांना काहीच स्थान नसते. मुलगा लागेल तसे पैसे देतो आणि वडील संकोचाने मागतात. ही पद्धत हिशेबाच्या दृष्टीने चुकीची आहे आणि वडिलांच्या मानाच्या दृष्टीनेही.

नोंदणीकृत करारनामा करून वडील-मुलाची भागीदारी पेढी असेल, तर काम करणाऱ्या भागीदाराला मेहनताना देता येतो आणि तो पेढीच्या नफ्यातून वजा होतो. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पाने याची मर्यादा वाढवली. आर्थिक वर्ष २०२४-२५ पासून पहिल्या ६ लाखांच्या नफ्यावर ९० टक्के किंवा ३ लाख रुपये यांपैकी जास्त असेल ती रक्कम आणि त्यापुढील नफ्यावर ६० टक्के, इतका मेहनताना मान्य आहे. पूर्वी ९० टक्क्यांची पायरी ३ लाखांवरच संपत असे.

समजा, कोपरखैरण्यातील एका पेढीचा मेहनतान्यापूर्वीचा नफा ६ लाख आहे. मेहनताना दिलाच नाही, तर पेढीवर ३० टक्के दराने उपकरासह १,८७,२०० रुपये कर बसतो, कारण पेढीला करमाफ मर्यादा नसते. वडिलांना २,४०,००० आणि मुलाला ३,००,००० मेहनताना दिला, तर पेढीचे करपात्र उत्पन्न ६०,००० राहते आणि कर होतो १८,७२०. दोघांचे इतर उत्पन्न फारसे नसेल, तर त्यांच्या हातातही कर शून्य. मेहनतान्यानंतर उरलेल्या नफ्याचा वाटा भागीदाराला करमुक्त असतो. वडिलांना दरमहा २०,००० रुपये हक्काने मिळाले आणि सरकारजमा होणारे १,६८,४८० रुपये घरात राहिले.

यात तीन अटी सांभाळाव्यात. मेहनतान्याची रक्कम किंवा तिचे सूत्र करारनाम्यात लिहिलेले असले पाहिजे. भागीदार खरोखर काम करीत असला पाहिजे. जो फक्त भांडवल देतो त्याला नफ्याचा वाटा मिळेल, मेहनतान्याची वजावट मिळणार नाही. आणि १ एप्रिल २०२५ पासून वर्षाला २०,००० रुपयांवर मेहनताना गेला, तर पेढीने १० टक्के टीडीएस कापून भरणे बंधनकारक आहे. वडिलांनी विवरणपत्र भरले की ती रक्कम परत मिळते. विवरणपत्र भरले नाही तर बुडाली समजा.

गाळा विकून म्हातारपण काढायचे असेल तर

जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पाने मालमत्तेच्या विक्रीवरील कर २० टक्क्यांवरून साडेबारा टक्के केला, पण महागाईनुसार खरेदीची किंमत वाढवून धरण्याची सोय काढली. टीका झाल्यावर दुरुस्ती झाली. २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेली जमीन किंवा इमारत निवासी भारतीय व्यक्तीने विकली, तर दोन्ही पद्धतींतील कमी कर भरता येतो.

पनवेलमधील मालकीचा एक गाळा २०१२-१३ मध्ये २० लाखांना घेतला आणि २०२५-२६ मध्ये ४० लाखांना विकला असे धरू. नव्या पद्धतीने २० लाख नफ्यावर साडेबारा टक्के, म्हणजे २,५०,००० कर. जुन्या पद्धतीने महागाई निर्देशांक २०० वरून ३७६ झालेला असल्याने खरेदीची किंमत ३७,६०,००० धरली जाते, नफा २,४०,००० राहतो आणि कर ४८,०००. फरक दोन लाखांहून अधिक. विकण्यापूर्वी दोन्ही हिशेब करून घ्यावेत. मात्र ज्या गाळ्यावर धंद्याच्या वहीत घसारा घेतलेला आहे, त्याला ही निवड मिळत नाही.

तरुण कारागिरांसाठी

सरकारने अर्थसंकल्पांतून असंघटितांसाठी काही योजना काढल्या. २०१५ ची अटल पेन्शन योजना महिना १,००० ते ५,००० रुपये देते. प्रवेश १८ ते ४० वयात, आणि ऑक्टोबर २०२२ पासून आयकर भरणाऱ्याला तीत जाता येत नाही. २०१९ मध्ये महिना १५,००० पर्यंत कमावणाऱ्या असंघटित कामगारांसाठी श्रमयोगी मानधन योजना आणि दीड कोटीपर्यंत उलाढाल असलेल्या लहान व्यापाऱ्यांसाठी तशीच योजना जाहीर झाली. कामगारांच्या योजनेत वयानुसार महिना ५५ ते २०० रुपये भरायचे, सरकार तेवढेच घालते आणि साठीनंतर ३,००० रुपये मिळतात.

यातील उणीव स्पष्ट सांगितली पाहिजे. हे ३,००० ठरीव आहेत. पाच टक्के महागाईने तीस वर्षांनंतर त्यांचे मोल आजच्या सुमारे ७०० रुपयांइतके असेल. आणि या योजनांचा पैसा मुख्यतः व्याजी रोख्यांत जातो, त्याबद्दल ज्याला शंका असेल त्याने उलमांचा सल्ला घ्यावा.

अगदी निराधार वृद्धांसाठी राज्याची श्रावणबाळ योजना आहे. वय ६५ वर्षे, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० च्या आत, अर्ज तहसीलदार कचेरीत. मार्च २०२३ च्या राज्य अर्थसंकल्पाने तिची रक्कम १,००० वरून १,५०० रुपये केली. उत्पन्नाची ही अट इतकी तोकडी आहे की या शहरात फार थोडे लोक तीत बसतात. पण जे बसतात, त्यांचे अर्ज भरून देणे मोहल्ल्यातील शिकलेल्या मुलांना सहज जमण्यासारखे आहे.

ध्यानात ठेवण्याच्या गोष्टी

१. अर्थसंकल्प ऐकताना आधी आपली मिळकत कोणत्या प्रकारची ते पाहावे. पेन्शन, व्याज, भाडे, लाभांश, मेहनताना, विक्रीचा नफा, प्रत्येकाचा नियम वेगळा आहे.

२. धंद्याचे उत्पन्न नसलेला पेन्शनर दरवर्षी जुनी की नवी प्रणाली ते निवडू शकतो. धंदा असलेल्याला तशी मोकळीक नाही. जुन्या प्रणालीतून एकदा नवीत परतल्यावर धंदा चालू असेपर्यंत पुन्हा जुनीत जाता येत नाही.

३. कर लागत नसला तरी टीडीएस कापला असेल, तर विवरणपत्र मुदतीत भरावे.

४. भागीदारीचा करारनामा वडील धडधाकट असतानाच करावा. आजारपणात अंगठा घेऊन केलेला कागद भावाभावांत भांडण लावतो.

५. पन्नाशीच्या आतच भाडे देणारा एखादा लहानसा गाळा किंवा चालत्या धंद्यातला लेखी वाटा उभा करावा.

सरकारी नोकराचे पेन्शन त्याचा मालक ठरवतो, कामगाराचे सूत्र ठरवते. व्यापाऱ्याचे आणि कारागिराचे पेन्शन त्याला स्वतःच ठरवावे लागते, आणि तेही हात चालत असतानाच. पुढचा अर्थसंकल्प येईल तेव्हा त्यातील कोणत्या तरतुदी आपल्या वाचकांना लागू पडतात, ते आम्ही याच पानावर मांडू, इन्शाअल्लाह.